शिवलेले खिसे

३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

राष्ट्राध्यक्ष वारून महिना झाला नाही, तोवर त्यांनी खजिन्यातला पैसा कुठे दडवला यावरून घरोघरी भांडणं लागलीत, हे मला कबूल. पण तू लेकीच्या लग्नाची तारीख ठरवायला गेला होतास ना? होणारे व्याही, आपले मास्तर, राष्ट्राध्यक्षसाहेबांना चोर म्हणाले आणि तू भरल्या ताटावरून उठलास! त्यांचे कोट शिवलेस म्हणून काय त्यांच्या तिजोरीतही डोकावलास? तू माफी मागितल्याशिवाय लग्न नाही, असं मास्तर म्हणतात. तिकडे पोर रडून अर्धी झालीय. हे लग्न मी जमवलंय, ते मोडलंस तर येऊन कान पिळीन.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कान शाबूत राहू दे, लग्न ठरलं!

संग्रहालयानं साहेबांचे कोट मांडण्याआधी इस्त्रीसाठी माझ्याकडे पाठवले. मी मास्तरांना निरोप धाडला, या आणि स्वतः झडती घ्या. तावातावानं आले, खिशात हात घालू लागले, तर हात आत जाईना. नव्या कोटाचा आकार बिघडू नये म्हणून आम्ही खिसे कच्च्या टाक्यांनी बंद करून देतो. गिऱ्हाईक घरी जाऊन ते उसवतं. साहेबांना हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही, आणि त्यांनी जन्मभर एक टाका उसवला नाही!

मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, बघा, या माणसानं खिशात कधी हातच घातला नाही. मास्तर म्हणाले, स्वतःच्या कशाला घालतील, हात कायम दुसऱ्यांच्या खिशात! दोघं असे हसत सुटलो, की लेक धावत दुकानात आली. ताटावरून उठल्याची माफी मी मागितली, साहेबांची बाजू मात्र सोडली नाही. पैशाचं काय ते चौकशी समिती बघेल.

आशीर्वाद असू दे, राग पुरे.
तुझा धाकटा

२८ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

लग्नाहून सुखरूप घरी पोचले. गाडीत वाटभर एकटीच हसत होते, शेजारीण सरकून बसली.

जावयाचा कोट काय बेतलायस! पण फोटोच्या वेळी बिचारा ऐटीत खिशात हात घालायला गेला आणि हात बाहेरच घसरला. मास्तर भर मांडवात ओरडले, माझा मुलगाही निर्दोष सुटला! सगळा मांडव हसला. तू कात्री घेऊन पुढे झालास, टाके उसवलेस, आणि लेकीनं सगळ्यांत आधी आपला हात त्या खिशात घातला. तेव्हा तुझे डोळे भरलेले मी पाहिलेत. माझेही भरले होते रे.

आहे तसाच भांडखोर राहा.
तुझी ताई