डावं चाक आता उतरतं

अरे,

उठताना कूस सांभाळून बदल, पिल्लू तुझ्या पाठीशी झोपलंय.

तुझ्या रिमोटवरच्या विमानाचं चाक मी दुरुस्त केलंय. चाक खाली येत नाही म्हणून चार रविवार तू खाली आणणाऱ्या नळ्याच बदलत बसलास. सकाळी मी चाकं हलवणाऱ्या टाकीत पंपाने हवा भरली आणि पिल्लूला पाजताना दाबाच्या काट्यावर डोळा ठेवला. चाकं खाली असताना काटा ढिम्म हलला नाही. वर घेतली, तर एक लंगोट बदलेपर्यंत निम्मी हवा गेली. म्हणजे उडतानाच हवा गळते आणि उतरायच्या वेळी उरतच नाही. वर घेणाऱ्या नळीला साबणाचं पाणी लावलं, तेव्हा डाव्या चाकापाशी बुडबुडे आले. तिथलं चिरलेलं टोक कापून नळी परत बसवली. आता हवा टिकते, हवं तर तपासून बघ.

"एकदा चाकांचं मिटू दे, मग तू खुशाल जा, मी बघतो त्याला," असं तूच म्हणाला होतास. मिटलंय, म्हणून जातेय. चारला येईन.

दूध फ्रीजमध्ये आहे, कोमट करून दे. पहिली दहा मिनिटं रडेल, घाबरू नकोस.

सात महिन्यांत एकटी बाहेर पडले नाही, त्यामुळे जायचं कुठे तेच सुचत नाहीये. बहुतेक समोरच्या बाकावरच बसेन. तिथून आपली खिडकी दिसते. अगदीच ऐकेना, तर पडदा बाजूला कर, मी बघत असेन.

पण अगदीच ऐकेना, तरच.