एका टबामागे तीन पायऱ्या

३ जून
लग्नानंतर आज पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं. घर कसलं, महालच! माहेरी आंघोळीला रांग लागायची; इथं बेडरूमला लागूनच न्हाणीघर, आमच्या जुन्या स्वयंपाकघराच्या दुप्पट. फक्त आत जायला सहा पायऱ्या चढायच्या आणि हात वर केला की छताला लागतो. टब अजून नाही. तो तू निवड, असं हे म्हणाले. माझे पाय जमिनीवर नाहीत!

५ जून
दुकानात कोरड्या टबात निजून माप बघायची रीत आहे. मी चपला काढून पाच टबांत मनसोक्त लोळून घेतलं. दुकानदार हसू दाबत होता, हे टेप घेऊन बाजूला उभे. मला चार पायांवर उभा असलेला आवडला, खालून झाडू तरी फिरतो. ह्यांना चौथऱ्यात बसवलेलाच हवा होता. लाडीगोडी लावून शेवटी माझंच खरं केलं. वन्संचा फोन आला तेव्हा त्याही म्हणाल्या, वहिनी, पायांचाच घे, हट्ट सोडू नकोस. नणंद माझ्या बाजूची! नशीबच म्हणायचं.

९ जून
आज प्लंबरकाका आले. बोलका माणूस. म्हणाले, या घरात जुना टब काढत नाहीत, त्यात सिमेंट भरून वर नवी फरशी घालतात, म्हणून एका टबामागे तीन पायऱ्या वाढतात. सिमेंट साहेब स्वतः ओततात, कुणाला हात लावू देत नाहीत. मागच्या बाई तुमच्याहून ठेंगण्या होत्या, त्यांना टब लहान लागला. त्यांच्या आधीच्या उंच होत्या.

ह्यांनी मला एकीबद्दलच सांगितलं होतं. ती सोडून गेली म्हणाले होते.

१२ जून
टब आला. पाय नाहीत. ऑर्डर ह्यांनी बदलली. काकांनी चौथरा बांधला, पायऱ्याही. नऊ झाल्या. छत डोक्याला लागतं. एवढ्या ठेंगण्या खोलीत पुढं कोण आंघोळ करणार, असं काकांनी विचारलं. हे नुसते हसले. मला भीती वाटते.

१४ जून
काकांना सुट्टी दिली. सिमेंटची पोती आली. माझा मोबाइल सापडत नाही—

१५ जून, सकाळी
कडी बाहेरून. गॅलरीत फावडं खरखरतंय. लाडानं हाक मारतायत, एकदा निजून बघ, पाठ टेकते का. टेकते— दुकानातच बघितलंय त्यांनी—

वही गिझरमागे ठेवते. जिला सापडेल तिनं पायऱ्या मोजाव्यात. खालच्या सहा त्या दोघींच्या. वरच्या तीन—