येते म्हणाली

३ नोव्हेंबर

लेकीचा फोन. आईला तिची निळी बॅग हवी आहे म्हणे. मावशीच्या पत्त्यावर कुरियर करा. आत फक्त शिवणाची मोठी कात्री आणि मापांचे कागद ठेवा, दुसरं काही कोंबू नका. आईने मावशीकडे कपडे शिवायला घेतलेत.

फोन ठेवला आणि एकटाच हसलो. बॅग कोण मागतं? ज्याला प्रवासाला निघायचंय तो! ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात जन्म गेला माझा. सामानाची भाषा मला कळते.

ही थोरल्या बहिणीकडे गेल्याला आठ महिने झाले. लोक काय वाट्टेल ते बोलतात. पण दारात मी उभा होतो, लोक नव्हते. हातात एवढीशी पिशवी, पायात रोजच्या चपला, आणि उंबऱ्यावरून म्हणाली, येते. जाते नाही म्हणाली. येते म्हणाली.

हे लेकीला सांगितलं तर म्हणते, बाबा, सगळेच येते म्हणून जातात. गॅसवालासुद्धा सिलिंडर ठेवून येतो म्हणतो. मी म्हटलं, मग? पुढच्या महिन्यात येतोच की तो!

५ नोव्हेंबर

ठरलं. बॅग कुरियरने जाणार नाही, माझ्याबरोबर जाणार. मेव्हणीच्या शहरातूनच क्रूझचं मोठं जहाज सुटतं. दोघांचं तिकीट काढून टाकलं. बाल्कनीवाली केबिन. हिला समुद्र आवडतो. निदान आवडत नाही असं तरी कधी म्हणाली नाही.

प्लॅन एकदम सोपा. विमान, हॉटेलात एक मुक्काम, सकाळी बंदर. जावई म्हणाला, तिथे जरा गोंधळ होतो, मी बंदरापर्यंतची गाडी बुक करून देऊ का? आभार मानले आणि विषय बदलला. माणसं हलवायची मला अक्कल शिकवतोय!

६ नोव्हेंबर

जहाजाचं ऐकून लेक फोनवर म्हणाली, आईला विचारलंत? मी म्हटलं, सरप्राइज कधी विचारून देतात होय? तर तिने स्वतःच आईला सगळं सांगून टाकलं. लेकीच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी निरोप: आई बंदरावर येईल, बॅग घ्यायला.

बंदरावर येईल! बस्स, आणखी काय पाहिजे. 'बॅग घ्यायला' हे लेकीने पदरचं घातलं असणार. लहानपणापासून तिला तिखटमीठ लावायची खोड आहे.

१२ नोव्हेंबर

पॅकिंग. कात्री सापडली. लोखंडी, भली वजनदार. ही कात्री म्हणजे हिचा जीव की प्राण. मला कागद कापायलासुद्धा कधी दिली नाही, धार जाते म्हणे. एकदा मी सुतळी कापली तर घरात अबोला. एवढं काय आहे त्या कात्रीत, देव जाणे.

कात्री ठेवली, मापांचे कागद ठेवले. पण नुसत्या कात्रीवर जहाजात कसं भागणार? म्हणून हिच्यासाठी उन्हाची मोठी टोपी घेतली. सँडल घेतले. मोरपंखी रंगाचा डिनरला घालायचा ड्रेस घेतला. माप अंदाजाने. दुकानातल्या बाईने विचारलं, मॅडम साधारण केवढ्या आहेत? मी हाताने दाखवलं. तिने दुसऱ्या कुणाला तरी बोलावून आणलं.

शिवाय एक लाइफ जॅकेट. जहाजावर असतात, माहीत आहे. पण आपलं ते आपलं.

दोन्ही बॅगांना केबिनचे टॅग आजच बांधून टाकले. नग दोन. आमच्या धंद्यात पेटी, गाठोडं, खोकं असं काही नसतं, सगळे नगच. ही मलासुद्धा नग म्हणते. काय नग आहे, म्हणते. कौतुकाने.

१६ नोव्हेंबर

संकल्प. एक, या प्रवासात आवाज चढवायचा नाही. दोन, ही बोलत असताना निदान तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. तीन, सामान घेऊन पुढे पळायचं नाही. ही तिची जुनी तक्रार. म्हणते, स्टेशन असो, एसटी स्टँड असो, तुम्ही बॅगा उचलून सुटता, मागे माणूस आहे की नाही बघत नाही. आता एकाने पुढे जाऊन रांग धरायला नको? पण ठीक आहे. यावेळी हिच्या चालीने चालू.

झोप येत नाही. आनंदाने.

१७ नोव्हेंबर, सकाळ, विमानतळ

सर्व सुरळीत. फक्त एक किरकोळ बाब.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, निळ्या बॅगेचं वजन जास्त आहे, काहीतरी काढा. मी तिथेच फरशीवर बॅग उघडली. मागच्या रांगेने टोपी पाहिली, ड्रेस पाहिला, लाइफ जॅकेट पाहिलं. एक गृहस्थ बायकोच्या कानात काहीतरी बोलले आणि ती हसली. हसू देत. दोघं बरोबर निघाली होती, हसणारच.

डोकं चालवलं. सगळ्यात जड आणि सगळ्यात लहान वस्तू कोणती? कात्री! ती काढून माझ्या खांद्यावरच्या बॅगेत टाकली. वजन काट्यावर बरोब्बर बसलं. याला म्हणतात अनुभव.

पुढे सिक्युरिटीत हातमोजेवाल्या माणसाने ती बाहेर काढली. एवढं लांब पातं विमानात चालत नाही, म्हणाला. मी म्हटलं, अहो, ही कापडाची आहे, हिने साधा कागदसुद्धा कापत नाहीत. तो म्हणाला, मग परत जाऊन मोठ्या बॅगेत टाका. मोठ्या बॅगा केव्हाच पट्ट्यावरून आत गेल्या होत्या. घरच्या कुणाकडे देता का, म्हणाला. घरचं कोण येणार मला सोडायला?

शेवटी त्याने ती जप्तीच्या पेटीत टाकली. ठण्णकन आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही. प्रवासात मागे बघत बसलं की संपलं.

नवीन घेऊ. कात्रीला काय तोटा! हिला चांगली परदेशी बनावटीची घेऊन देतो, खूश होईल.

१७ नोव्हेंबर, दुपार, हॉटेल

पट्ट्यावर निळी बॅग सगळ्यात शेवटी आली. लांबूनच ओळखली. हँडलला हिने कधीतरी लाल लोकर गुंडाळून ठेवलीय. माझी बॅग मात्र माझ्यासमोरून दोनदा गेली, मला ओळखू आली नाही.

हॉटेलच्या नावात बंदर आहे, म्हणून हेच घेतलं होतं. टॅक्सीतून उतरलो तर समोर जाळी वाळत घातलेली, बर्फाच्या गाड्या आणि मासळीचा वास. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की हे जुनं बंदर, मोठी जहाजं नव्या बंदरातून सुटतात, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, मला माहीत आहे, मुद्दामच इथे उतरलो, शांतता असते. तेवढ्यात खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं.

खोलीत दोन कप, दोन टॉवेल, दोघांसाठी चपला. हॉटेलवाल्यांना कळतं. मी माझ्याच बाजूला पडलो. भिंतीकडची बाजू हिची.

मेव्हणीचं घर इथून लांब नाही. सहज बाहेर पडलो. त्यांच्या रस्त्यावर गेलो, असं म्हणता येणार नाही. रस्ता तिथूनच होता. खिडकीत दिवा होता आणि शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबत, पुन्हा सुरू होत. बराच वेळ उभा राहिलो. बेल वाजवली नाही. उद्याचा विरस कशाला?

मशीन चालवताना ही गुणगुणते, हे विसरलोच होतो.

१८ नोव्हेंबर, सकाळ, भलत्याच ठिकाणी

हे अगदी थोडक्यात लिहितो.

हॉटेलची मोफत गाडी दारातच उभी होती. माणसं बॅगा घेऊन चढत होती. मीही चढलो. विचारत बसणं माझ्या स्वभावात नाही. शेजारच्या सीटवर निळी बॅग ठेवली. एक काकू म्हणाल्या, ही जागा कुणाची आहे का? मी म्हटलं, मिसेसची. काकूंनी गाडीभर नजर फिरवली आणि उभ्याच राहिल्या.

गाडी थांबली तेव्हा समोर विमानतळ.

ड्रायव्हर म्हणाला, ही गाडी विमानतळाशिवाय कुठे जातच नाही, काचेवर केवढ्या अक्षरात लिहिलंय. असेल. मी आतून बघत होतो, आतून उलटं दिसतं.

टॅक्सी केली. टॅक्सीवाला बोलका निघाला. विचारलं, एकटेच? म्हटलं, मिसेस परस्पर बंदरावर येतेय. उशीर होतोय का, म्हणाला. म्हटलं, हो, पण ती थांबेल. ती नेहमी थांबते. त्याने गाडी जोरात काढली. भला माणूस.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ, केबिन

क्रमाने लिहितो. लिहिलं की डोकं ताळ्यावर येतं.

टॅक्सीतून उतरताच पिवळ्या जॅकेटवाले हमाल पुढे आले. टॅग बांधलेले होतेच, त्यांनी दोन्ही बॅगा उचलून पट्ट्यावर टाकल्या. थेट केबिनच्या दारात मिळतील, म्हणाले. काय व्यवस्था! हात मोकळे झाले. आणि मग ही दिसली.

बाकावर बसली होती. साधे कपडे, हातात छत्री. गळ्यात टेप. कामावरून तशीच उठून आली असणार, मापाची टेप गळ्यातच राहिलेली. थोडी बारीक झालीय. चेहरा बरा दिसत होता. फार बरा दिसत होता. तेच सांगायचं मनात होतं. पण तोंडातून निघालं, किती उशीर झालाय, चल चल!

तिने विचारलं, बॅग कुठाय?

मी ऐटीत सांगितलं, गेलीसुद्धा आत. तुला हातसुद्धा लावायला नको.

ती पट्ट्याकडे बघत राहिली. तिथे दुसऱ्यांच्या बॅगा चालल्या होत्या. मग म्हणाली, कात्री त्यातच होती ना?

मी कात्रीचं सांगितलं. परदेशी बनावटीचंही सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ती आमच्या शिवणाच्या बाईंची होती. त्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलींतून मला दिली होती.

मी म्हटलं, हे मला कधी बोलली नाहीस.

ती म्हणाली, बोलले होते.

मी तिचा बोर्डिंग पास दाखवला. तिने हातात घेतला, स्वतःचं नाव वाचलं आणि माझ्या वरच्या खिशात नीट ठेवून दिला. मग विचारलं, बीपीची गोळी घेतलीत का? काही खाल्लंत का? तेव्हा मला वाटलं, जमलं. गोळीचं कोण विचारतं?

तेवढ्यात घोषणा झाली. रांग वाढत होती. म्हटलं, आपण पुढे होऊन जागा धरू. निघालो. भराभर. काचेच्या दारापर्यंत आलो, दोन माणसांना मागेही टाकलं, आणि हिला सांगायला वळलो की बघ, कसा नंबर लावला.

मागे एक अनोळखी जोडपं होतं.

ती बाकापाशीच उभी होती. एक पाऊलसुद्धा पुढे आलेली नव्हती. मी रांग सोडली. आयुष्यात पहिल्यांदा धरलेली रांग सोडली आणि परत गेलो. म्हटलं, बॅग उतरवून घेतो. कॅप्टनला सांगतो. ती म्हणाली, राहू दे, कशाला सगळ्यांना त्रास. कागद नव्याने काढेन. तुम्ही जाऊन या, समुद्र बघा, तुम्हाला आवडतो.

मला कुठे समुद्र आवडतो!

मग तिने छत्री घेतली, टेप गळ्यात आहे हे तिच्या लक्षात आलं, ती काढून गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. आणि म्हणाली, जाते.

मला वाटलं, गलक्यात नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, काय म्हणालीस?

ती थांबली. रागावलेली नव्हती. लहान मुलाला सांगावं तसं हळू, स्पष्ट पुन्हा म्हणाली, जाते मी.

गर्दीतून छत्री दिसत होती तोवर उभा होतो. तिनेही वळून पाहिलं नाही.

१८ नोव्हेंबर, जेवणाच्या वेळी

जेवायला गेलो नाही.

दोन्ही बॅगा दाराबाहेर आल्या. नग दोन, शाबूत. निळी उघडली. ड्रेस अंगासमोर धरून पाहिला, हिला किती तरी मोठा झाला असता. टोपी कपाटात ठेवली. मापांचे कागद चुरगळले होते, टेबलावर पसरून हाताने सरळ केले. जहाज हलतंय, कागद सरकतात. वर लाइफ जॅकेट ठेवलं.

आत्ता केबिन आवरायला एक बाई आल्या. दोन उशा फुगवल्या, दोन टॉवेल ठेवले. विचारलं, मॅडम वर डेकवर गेल्यात का?

तोंडात आलंच होतं, येतीलच. नेहमी तेच म्हणतो. पण म्हटलं, त्या गेल्या.

बाई थबकल्या. हातातला टॉवेल तसाच राहिला. अरेरे, म्हणाल्या. मला त्यांचा गैरसमज दूर करता आला असता. बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, केव्हा?

आठ महिने झाले, म्हटलं. मला आज कळलं.