मैनाने राखलेले जिताडे

कामतघर, भिवंडी
ता. २४ जून १९९४

राघोदादा आणि वहिनी यांना विठूचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी सगळ्यांत आधी करतो, कारण तुमच्या बहिणीची, मैनाची, तशी ताकीद आहे. पेणच्या वैद्यांनी दिलेलं तेल गुडघ्याला लावता, की नुसती बाटली आल्यागेल्याला दाखवता? वहिनींचा खोकला थांबला असेल. आम्ही इकडे सुखरूप आहोत. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहितो, पण या खेपेला अगदी मनापासून लिहिलं आहे. मंगळवारी दुपारी ते लिहिता येईल असं वाटत नव्हतं.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी खारबावच्या खाडीतली जिताडा माशाची बोटभर पिल्लं पत्र्याच्या डब्यातून आणून दिलीत, ती आता हातभर झाली आहेत. परसातलं तळं मी खणलं हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मैना म्हणते तिने खणलं आणि मी चहा नेऊन दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.) आपल्या काशीचा साखरपुडा पुढच्या रविवारी, आणि दिघाशीच्या व्याह्यांना घरच्या जिताड्याचं जेवण घालू असा शब्द मीच देऊन बसलो होतो. तेव्हापासून त्या घरचं कुणीही भेटलं की आधी विचारतं, "जिताडं बरं हाय ना?" आणि मग विचारतं, "आणि पोरगी?"

सोमवारी रेडिओवर सांगितलं की समुद्रात मोठं वादळ उठलं आहे, ठाण्याच्या बाजूला वारा आणि पाऊस जोराचा होईल. मी म्हटलं, समुद्र कुठे आणि कामतघर कुठे! पत्र्यावर चार धोंडे ठेवले की झालं. मैना म्हणाली, "पत्रं उडालं तं दुसरं घालू. जिताडं गेलं तं कुठशी आणायचं?" तिला वाऱ्याची भीती नव्हती, भीती नाल्याची होती. आमच्या तळ्याला लागून जो नाला जातो त्यात वरच्या अंगाच्या एका डाइंगचं पाणी येतं. कारखान्यात ज्या रंगाचं कापड, त्या रंगाचा नाला. या आठवड्यात तो गुलाबी होता. दिसायला छान, पण त्यात बेडूकसुद्धा जगत नाही. ते पाणी बांधावरून तळ्यात आलं असतं तर जिताड्यांचा कारभार आटोपलाच होता.

मग तुमच्या बहिणीने जी तयारी चालवली ती पाहून मला वाटलं, आपण उगीच हिला इतकी वर्षं नुसतं घर सांभाळायला दिलं. तिने माशांचं खाणं बंद केलं. (भरल्या पोटाचा मासा गढूळ पाण्यात गुदमरतो म्हणे. मलाही त्या दिवशी अर्धंच जेवण मिळालं, ते का, हे विचारायचं राहिलं.) पाऊस मावावा म्हणून बादल्यांनी तळं वीतभर उपसलं. वरून जाळं ताणून खुंट्यांना बांधलं. मला पेरूवर चढवून तळ्यावर झुकलेल्या फांद्या उतरवल्या. त्यातली सगळ्यांत मोठी फांदी मी वाळत घातलेल्या माझ्याच पँटवर पाडली. तेवढ्यावर न थांबता मी डोकंही चालवलं. बांधावर रचायला मातीची पोती भरत बसण्यापेक्षा शेजारच्या फखरुद्दीन शेठच्या लूमखात्यातून चिंध्यांनी भरलेली पोती उचलून आणली. आयती भरलेली आणि वजनाला हलकी! मैनाने त्यातलं एक पाण्यात ढकललं. ते बदकासारखं डुलत पलीकडच्या काठाला गेलं. मग तिने माझ्या हातात फावडं दिलं.

फखरुद्दीन शेठ म्हणजे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. त्यांच्या मते आख्ख्या कामतघरातले डास आमच्या तळ्यात जन्म घेतात. या गोष्टीवरून वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. बायकांचं मात्र कधीच बंद नव्हतं. त्यांच्या हबीबाभाभी आणि मैना यांच्यात भिंतीवरून वाट्यांची ये-जा चालूच होती, आणि आम्ही दोघे पुरुष भांडणाचा आब राखत ते जेवत होतो.

मंगळवारी दुपारी वीज गेली आणि सगळे लूम एकदम थांबले. दादा, भिवंडीत लूम थांबले की माणूस दचकतो. त्या शांततेत पहिल्यांदा वारा ऐकू आला. मग पाऊस आडवा आला. पेरू असा वाकला की जणू त्याला आता नमस्कारच करायचा आहे. नाला चढत चढत बांधाच्या काठाला लागला, आणि कोपऱ्यातली माती खचली. मैना तेव्हा कमरेएवढ्या तळ्यात उभी राहून सुटलेलं जाळं धरत होती. तिथून ओरडली, "दार आणा!"

मी विचारलं, "कुठलं दार?"

"घराला किती दारं हायत?"

मी पुढच्या दाराशी झटापट करू लागलो, पण बिजागरं गंजलेली. तेवढ्यात भिंतीवर एक उलटी झालेली छत्री दिसली आणि तिच्याखाली फखरुद्दीन शेठ. साठीचा माणूस, लुंगी खोचून भिंतीवरून खाली आला. "हट, विठू. तू दार को समझा रहा है या निकाल रहा है?" म्हणत त्यांनी खांदा लावला आणि दार बिजागरासकट निघालं. ते आम्ही खचलेल्या कोपऱ्याला उभं केलं. (ते तिथे कसं बसवलं हे लिहिण्यासारखं नाही.) मग मैना माती आणि पोती भरेपर्यंत आम्ही दोघे आतल्या अंगाने दाराला पाठ लावून चिखलात रुतून उभे राहिलो. वर्षभर न बोललेली माणसं अशी खांद्याला खांदा लावून उभी राहिली की काहीतरी बोलावंच लागतं. बऱ्याच वेळाने शेठ म्हणाले, "मच्छर का बोला था, बुरा मत मान." मी म्हटलं, "छे छे, शेठ." लुंगी पुन्हा घट्ट खोचत ते म्हणाले, "मगर मच्छर हैं तो सही."

माती टिकेना, तेव्हा हबीबाभाभींनी भिंतीवरून कोऱ्या कापडाचं आख्खं थान फेकलं. शेठने ते विक्रीचं थान ओळखलं, डोळे मिटले, आणि पुन्हा पाठ लावली. मैनाने पोती त्या कापडात गुंडाळून फटीत कोंबली, वर माती टाकली आणि पायांनी तुडवली. एवढं होतं न होतं तोच गढूळ पाण्यात मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. मग मैना, काशी आणि हबीबाभाभी तिघीजणी तळ्यातूनच कळशा भरून घ्यायच्या आणि उंचावरून तळ्यात ओतायच्या, पुन्हा भरायच्या, पुन्हा ओतायच्या. असं उंचावरून पडलेलं पाणी माशांना श्वासाला वारा घेऊन येतं, असं मैनाचं म्हणणं. वीज चमकत होती, पाऊस थोबाडीत मारत होता, आणि ही बाई माशांशी बोलत होती. "दम धर गं, दम धर." बांध फुटेल या भीतीने मी म्हणत असलेली रामरक्षा मध्येच थांबली आणि मी नुसता मैनाकडे बघत राहिलो. लग्नाला तेवीस वर्षं झाली, दादा. असं बघणं त्या दिवशी जमलं.

संध्याकाळी वारा पडला. दाराच्या पलीकडे गुलाबी पाणी, अलीकडे आपलं गढूळ पाणी, आणि जाळ्याखाली सगळेच्या सगळे जिताडे शेपट्या हलवत होते. आम्ही शेठच्या घरी चहा प्यायलो. दार अजून बांधातच आहे. घराला सध्या चादर लावली आहे. चोर आला तर त्याला आधी चादर बाजूला करावी लागेल, एवढाच बंदोबस्त.

मुलांना आशीर्वाद. गुडघा जपा.

तुमचा,
विठू

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. काल मी मसाल्याचा विषय काढला तर काशी उठून गेली आणि मैना चुलीकडे तोंड करून बसली. विळीवर तळ्यातला मासा धरवेल असं या घरात आता कुणी उरलेलं नाही, मीही नाही. तेव्हा साखरपुड्याला येताना पेणहून दोन चांगले जिताडे आणा. तुकडे करूनच आणा, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. पिशवी गुपचूप माझ्या हातात द्या. मैनाला कळू देऊ नका.

दुसरा ता. क. : दादा, मी मैना. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं. जिताडं आणू नको. मी इहीणबाईंना कालच निरोप धाडून बोलावलं नि खरं ते सांगितलं. त्यांनी तळं बघितलं, बांधातलं दार बघितलं, घराची चादर बघितली. म्हणाल्या, माशापायी दार काढणारी माणसं हायत, आमच्या पोराची काळजी मिटली. रविवारी वालाचं बिरडं नि वडे. तू नुसता ये.

आणि ह्यांनी गाळलं ते मी लिहिते. दार बसवायला कुणीतरी नाल्याच्या अंगाला उतरायला पाहिजे होतं. हे उतरले. छातीपर्यंत पाणी, वढ असली की शेठनी वरून ह्यांची कॉलर धरून ठेवली होती. तुला ठाऊक हाय, ह्यांना पवता येत न्हाय. दार बसल्याबिगर वर आले न्हायत. आता छातीपासून खाली सगळे गुलाबी हायत, कशानं निघत न्हाय. साखरपुड्याला पुऱ्या बाह्यांचा सदरा नि मोजे घाला म्हणते, तं ऐकत न्हायत. तू सांग. नायतर राहू दे, नको सांगू. मला बघायला बरं वाटतं.