जहाजावर बसलो की

दादा, आपण जहाजावर बसलो. आपण म्हणजे मी आणि आई. सिंगापूरहून निघायचं, समुद्रात फिरायचं, मधे एकदोन बंदरांना टेकायचं आणि परत सिंगापूरलाच उतरायचं, असं ते जहाज. ते कुठेच पोचवत नाही. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात की मग बसायचं कशाला. आणि बरोबर आपली बाटली नेली होती. शोकेसमधली, कपबशांच्या शेजारची, तुमच्यानंतरही आई दर रविवारी जी फडक्याने पुसत आली ती.

ती घरी आली तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही निवृत्त झालात, गळ्यात हार, हातात नारळ, आणि काखेत ही लाल वाइनची बाटली. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी गेटवर काढलेला माणूस, विहारात मद्य न घेण्याचं पाचवं शील मोठ्याने म्हणणारा आणि बाहेर आल्यावरही पाळणारा, आणि साहेबांनी नेमकी हीच भेट द्यावी. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. ‘हे काय आणलंत?’ तुम्ही म्हणालात, ‘साहेबांनी प्रेमाने दिली. नको कसं म्हणणार?’ ‘मग ओता मोरीत.’ ‘दिलेली वस्तू ओतायची नसते.’ ‘मग काय पूजा करायची हिची?’ तुम्ही बाटली उजेडात धरलीत. ‘आपल्या नारायणगावकडच्या द्राक्षांची आहे. साहेब सांगत होते, आता परदेशात जाते, जहाजातून. आपणही जहाजावर बसलो की उघडू.’ आई हसली आणि लाटणं खाली आलं.

तेव्हापासून ते आपल्या घरातलं ‘नाही’ झालं. ती वर्षंच अशी होती की दुकानांत रोज काहीतरी नवीन यायचं आणि आम्हाला ते रोज हवं असायचं. रंगीत टीव्ही घेऊया? जहाजावर बसलो की. कपडे धुवायचं मशीन? जहाजावर बसलो की. आईने एकदा महाबळेश्वरचं नाव काढलं तर तेही जहाजावर जाऊन बसलं. मला तुमचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. फक्त एकदा तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मी कॉम्प्युटरच्या क्लासचं विचारलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून नारायण पेठेत गेलात. त्या क्लासच्या जिन्यात उभं राहून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला विचारत होतात, शिकवतात का नीट? त्या जिन्यावरूनच मी पुढे हिंजवडीच्या आयटी कंपनीत पोचले, आणि हिंजवडीने आम्हाला मांजरी गावात फ्लॅट दिला. आधी उसाचे फड होते तिथे. तुम्ही तो पाहिला नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी आईने ऐंशी ओलांडली. एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, ‘अगं, ते जहाज कितीला पडतं?’ मला वाटलं, टीव्हीवर काही पाहिलं असेल. ती म्हणाली, ‘बाकी सगळं घेऊन झालं. टीव्ही झाला, मशीन झालं, महाबळेश्वर तू दोनदा दाखवलंस. ह्यांचा तेवढा एक शब्द राहिलाय. मी आहे तोवर होऊन जाऊ दे.’ मी म्हटलं, आई, तू काय वाइन पिणार आहेस? त्यावर तुमची बायको शोभेल असं उत्तर आलं. ‘ते उघडू म्हणाले होते. पिऊ म्हणाले नव्हते.’

मग मी तिला जहाजाचे नियम वाचून दाखवले. ती चष्मा लावून समोर बसली, वाचत मी होते तरी. माणशी एक बाटली, तीही वाइनचीच. सीलबंद हवी. पहिल्या दिवशी चढतानाच आणायची, हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत सापडली तर काढून घेणार. वाटेत कुठल्या बंदरावर विकत घेतली तर गेटवर जमा करायची, शेवटच्या संध्याकाळी परत मिळेल. आई प्रत्येक नियमाला मान हलवत होती, ‘बरोबर आहे,’ ‘हे पाहिजेच.’ जेवणाच्या हॉलमध्ये उघडली तर बूच काढण्याचे पैसे वेगळे, हे ऐकल्यावर मात्र ती थांबली. ‘बाटली आपली, बूच आपलं, मग पैसे कसले?’ मी म्हटलं, खोलीत उघडली तर नाही पडत. ‘मग खोलीतच उघडू,’ ती म्हणाली आणि विषय संपला.

सिंगापूरला रांगेत उभी राहिले तेव्हा मला तुमचं गेट आठवलं. तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचात, काडेपेटी, विडी, लायटर काढून घ्यायचात आणि पितळी बिल्ला द्यायचात. संध्याकाळी बिल्ला दिला की वस्तू परत. आत ठिणगी पडली तर काय होईल हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत, पण त्या हातांना ते माहीत होतं. मी शाळेत होते, दिवाळी जवळ आली होती, तुमचा विसरलेला डबा घेऊन गेटवर आले आणि फ्रॉकच्या खिशात फटाक्याच्या बंदुकीच्या टिकल्यांचं वेटोळं होतं. सगळ्यांसमोर तुम्ही माझा खिसा चाचपलात. ‘बाहेरच उभी होते ना मी?’ मी म्हटलं. ‘गेट म्हणजे गेट,’ तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातात बिल्ला ठेवलात. तो मी घरी येईपर्यंत हरवला. संध्याकाळी तुम्ही हात पुढे केलात, ‘बिल्ला?’ नव्हता. तर टिकल्याही नाहीत. मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातून दोन नवीन वेटोळी आणलीत आणि माझ्या उशीजवळ ठेवलीत. तो हरवलेला बिल्ला तुम्हाला किती महागात पडला, हे आईने मला फार पुढे सांगितलं.

तर इथे गेटवर एक पिकल्या मिशांचा माणूस होता, हिंदी येणारा. त्याने बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली, मानेजवळ अंगठा फिरवला. वरचं वेष्टन केव्हाच फाटलं होतं आणि बुचाच्या कडेने काळसर ओघळ सुकला होता. ‘माजी, ये सील नहीं है. ये अंदर नहीं जाएगी.’ मी लगेच माझ्या ऑफिसच्या इंग्रजीवर आले. नियम नीट वाचलाय, बाटली जुनी आहे, तुमच्या साहेबांना बोलवा. तो शांतपणे ऐकत होता. आईने माझा दंड दाबला. ‘गप. गेटवरच्या माणसाशी वाद घालत नाहीत आपल्या घरात.’ मग तिने त्याला विचारलं, ‘बिल्ला मिलेगा?’ त्याला आधी कळलं नाही. मग त्याने बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली, तिचा अर्धा तुकडा फाडून दोन्ही हातांनी आईला दिला. ‘आखरी शाम को मिल जाएगी, माजी.’ आईने तो तुकडा ब्लाउजमध्ये ठेवला आणि ताठ मानेने जहाजावर चढली. ‘ह्यांनीही हेच केलं असतं,’ ती म्हणाली. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

मला मात्र धाकधूक. तिच्या वयाचा काय भरवसा, आणि शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबायचं. ती मजेत होती. समुद्राकडे बघत बसायची, जहाजावरच्या भातात मीठ नाही म्हणायची, आणि मधूनच ब्लाउज चाचपून बिल्ला आहे ना ते बघायची. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी खाली गेटवर गेलो, तिने तुकडा पुढे केला, त्या पिकल्या मिशांच्या माणसाने तो जुळवून पाहिला आणि बाटली दिली.

खोली आवरणाऱ्या माणसाने येऊन बूच काढलं. अर्धं बूच आतच चुरगळलं. खोलीभर वास सुटला, बुरशी आलेल्या लोणच्याच्या बरणीचा असतो तसा. तो बिचारा ओशाळून म्हणाला, खराब झाली आहे, दुसरी आणू का? आई म्हणाली, ‘नको. हीच उघडायची होती.’ तो गेल्यावर तिने बाटली बेसिनमध्ये उपडी केली, नळ सोडला आणि सगळी वाहून जाईपर्यंत धरून ठेवली. दिलेली वस्तू ओतायची नसते, हे तिच्याही मनात आलं असणार. ‘झालं हो,’ ती म्हणाली, मला नाही, तुम्हाला. मग पलंगावर बसून रडली. तुम्ही गेलात तेव्हा ती इतकी रडली नव्हती. मी तिचे पाय दाबत बसले.

रिकामी बाटली परत शोकेसमध्ये आहे. आई रविवारी ती पुसते. घोटाळा एवढाच झालाय की घरात आता कोणाला नाही म्हणायची सोय उरली नाही. परवा माझ्या लेकीने कुत्र्याचं पिल्लू मागितलं, मी सवयीने म्हणाले, जहाजावर बसलो की, आणि ती म्हणाली, ‘आई, बसून आलात ना तुम्ही?’ आता पिल्लू येणार बहुतेक.

हे पाठवायचं कुठे? मला तुमचा खडकीच्या क्वार्टरचा पत्ता तेवढा पाठ आहे, आणि तिथे दुसरं कोणीतरी राहतं. म्हणून हे घरातच राहील. एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. जहाजावर बसलो की उघडू, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि त्यात तुम्हीही होतात. बूच निघालं तेव्हा मी एकदा दाराकडे बघितलं.