हॉबर्टची गिटार काचेत ठेवायची नाही

मी, लुव्हिनिया ट्रिप्लेट, कै. हॉबर्ट ट्रिप्लेट यांची पत्नी, राहणार लॉरेल फोर्क, नॉर्थ कॅरोलायना, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवते. दडपण आणायला आले होते, पण मी कसली ऐकते!

१. घर, मागचे शेत आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा डॅरिल यास मिळावी. पोर्चवरच्या खुर्च्या मात्र त्याने हलवू नयेत. शनिवारी वाजवायला येणाऱ्यांनी बसायचं कुठे?

२. हॉबर्टची गिटार. फिडलवरच्या, म्हणजे व्हायोलिनवरच्या, नाचाच्या चाली त्याने गिटारवर आणल्या आणि आज देशभरची पोरं त्याच्यासारखा हात फिरवू पाहतात. तारा छेडून छेडून तिच्या लाकडाला खळगा पडला आहे. संग्रहालयवाले म्हणतात, "बाई, काचेत सुरक्षित राहील." अहो, सुरक्षित राहून तिने करायचं काय? वाजवली नाही तर ती मुकी होईल. गिटार काचेत जाणार नाही.

३. ती माझा धाकटा दीर आर्विल याला मिळावी. आमच्याकडे गोल करून वाजवतात. एकाचं झालं की तो दुसऱ्याकडे बघून मान हलवतो, मग पाळी त्याची. एका मेळ्यात, भर मंचावर, हॉबर्टने आर्विलकडे बघून मानच हलवली नाही. रंगात आला होता, दुसरं काही नाही. आर्विलने बँजो पेटीत घातला आणि उठून गेला. त्यानंतर त्याने आमची पायरी चढली नाही. भावाच्या मातीला आला, पण कुंपणाबाहेरच उभा राहिला. शेवटच्या दुखण्यात हॉबर्ट एकच म्हणायचा, "लुव्ही, आर्विलला पाळी द्यायची राहिली गं." ती मी देत आहे. अट एवढीच की गिटार शनिवारी याच पोर्चवर वाजावी आणि येईल त्याला पाळी मिळावी.

४. माझी मँडोलिन पुतणी आयव्हा हिला. मी जन्मभर ताल धरला. माझ्यावर वाजवायची पाळी आली की नेमकी ओव्हनमधली बिस्किटं करपायला लागायची.

५. (आज वाढवलेले कलम.) आर्विलला मी फक्त साक्षीला म्हणून बोलावलं. त्याने पेन उचललं तोच वकील पेनिंग्टन ओरडले, "अहो, थांबा! ज्याला काही मिळायचंय त्याला साक्ष देता येत नाही."

"मला काय मिळायचंय?"

मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. "ही. आणि मी मरेपर्यंत थांबायला नको, आजच घे. हॉबर्टने मान हलवली असं समज."

"वहिनी, तुम्ही मला फसवून आणलंत!"

"मग काय! सरळ बोलावलं असतं तर आला असतास होय रे?"

तो रडला, मग माझ्यावर चिडला, मग तारा लावू लागला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

हे लिहिते आहे तोवर तो पोर्चवर वाजवतो आहे. हात थेट हॉबर्टचा. आत्ताच त्याने खिडकीतून माझ्याकडे बघून मान हलवली.

सबब कलम ४ तूर्त थांबावे. मँडोलिन मला लागणार आहे. आयव्हाने कळ काढावी आणि ओव्हनकडे बघावे.

सही: लुव्हिनिया ट्रिप्लेट (घाईत)

आमच्यासमोर सही झाली:
नेटी ग्रीअर, शेजारीण
वेस्ली मेन्स, फिडलवाला

लॉरेल फोर्क, १६ मे १९९८