इथे वाघ नाही, बाबा

बाबा, आज मी हरणांच्या मागावर गेले होते. बंदूक घरीच होती, कारण आज फक्त जागा बघायची होती. पण बघायची होती ती शिकारीसाठीच, हे तुमच्यापासून लपवत नाही. सकाळी निघताना तुमची नात म्हणाली, "मम, आजोबा वुड बी सो मॅड." तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही, तरी तुमचा राग तिच्यापर्यंत पोचलाय. रागवायचं असेल तर निदान पूर्ण ऐकून घ्या आणि मग रागवा.

तुमचा राग मला पाठ आहे. मेळघाटातल्या त्या फॉरेस्ट क्वार्टरमध्ये आई चुलीपुढे बसली आहे आणि मामा तिच्या हातात डबा देत म्हणतो, "बोकडाचं आहे, ताई." तुम्ही ड्युटीवरून तसेच गणवेशात आत येता, झाकण उघडता, वास घेता. "हे सांबर आहे." मामा हसला. म्हणाला, "भाऊजी, घरातल्या घरात काय?" तुम्ही एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात त्याचं मनगट धरून त्याला नाक्यावर नेलंत. सख्ख्या मेहुण्यावर केस केलीत. त्या वर्षी भाऊबीजेला आई औक्षणाचं ताट लावून दाराशी बसून राहिली. मामा आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "रानातलं जनावर कुणाच्या बापाचं नसतं." मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. म्हणून मी तुमच्यापुढे मान खाली घालून उभी राहीन, असं मात्र समजू नका.

कारण इथे वाघ नाही, बाबा. बिबट्या नाही, रानकुत्री नाहीत. या दूरच्या बेटांवर हरणं गोऱ्यांनी जहाजातून आणून सोडली. त्यांना खाणारं कुणी आणलं नाही. 'ते रापा' नावाच्या आमच्या इथल्या वस्तीच्या पलीकडे, डोंगरात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मेंढ्यांची जमीन आहे आणि तिच्या मागे जुनं रान. आमच्या क्लिनिकमध्ये मी त्याच्या पायाचं ड्रेसिंग करायचे, तिथली ओळख. आज फाटकाशी त्याने "किया ओरा" म्हणत इथला नमस्कार केला आणि माझ्या गाडीच्या मागे नजर टाकली. "नवरा येतोय ना?"

"नाही. मी एकटीच."

"जागा तुझ्या माहितीची नाही. हरवशील."

"म्हणूनच आज बंदूक न घेता आलेय."

तो हसला नाही. कुंपण कुठे संपतं, मेंढ्या कुठे चरतात, तेवढं सांगितलं आणि वर बोट दाखवलं. "त्या कड्यावर बसायचं. सगळे तिथेच बसतात."

मी खालचा ओढा ओलांडून, वारा तोंडावर घेत चढले. चिखलात खुरांचे ठसे होते, एका खोडाची साल शिंगं घासून सोललेली होती. आणि गुडघ्यापासून छातीपर्यंत हिरवं पान नाही, बाबा. मोठी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या खाली एक रोप नाही. उगवलं की खाल्लं जातं. ही झाडं मेली की हे रान संपलं. तुमच्याकडे हे काम वाघ बघायचा, तुम्हाला फक्त वाघ राखायचा होता. तेवढ्यात समोर एक मादी आली, मागे मोठं झालेलं पाडस. ती थांबली, मीही थांबले. तुम्ही असता तर कानात म्हणाला असता, बघ, किती देखणी. देखणी होतीच. तरीही मी बंदूक घेऊन पुन्हा तिथे जाणार आहे.

कड्यावर पोचले तेव्हा खाली हरणांची वाट सरळ दिसत होती. नेम चुकणं अवघड. पण त्याच रेषेत, झाडांच्या फटीतून एक लाल छप्पर दिसलं आणि दोरीवर वाळत घातलेले लहान मुलांचे टॉग्ज, पोहायचे कपडे. मी खाली येऊन म्हाताऱ्याला सांगितलं, "कड्यावरून मी गोळी झाडणार नाही. समोर घर आहे."

"शेजाऱ्याच्या पोराने बांधलंय नुकतंच. पण ते तिथून दिसत नाही."

"दिसतं. चला."

दुखरा पाय ओढत तो वर आला. छप्पर त्यालाही दिसलं. मग टोपी काढून म्हणाला, "या हंगामात दोघं शिकारी बसून गेले इथे. एकानेही सांगितलं नाही."

"मी ओढ्याशी बसेन. तिथे हरणाच्या मागे अख्खा डोंगर आहे, चुकलेली गोळी त्यात अडेल."

उतरल्यावर त्याने खिशातून फाटकाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "आता इथे शिकारीला तुझ्याशिवाय कुणी येणार नाही." मी इथल्यांसारखंच म्हटलं, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास. किल्ली खिशात टाकली.

तर मी मारणार आहे. सोलणार, कापणार, शिजवणार, लेकीच्या ताटात वाढणार. मामाने चोरलं होतं. मी चोरत नाही. हा फरक तुम्हाला मान्य नसेल तर नसो. परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही, आणि हे पोचवायचं तरी कुठे?

एवढंच सांगायचं राहिलं. निघण्याआधी ओढ्याशी जाऊन आले, तिथे वाळूत एक ठसा होता. हरणाचा नव्हता, डुकराचा नव्हता; मला ओळखता येईना. लहानपणी रानात तुम्ही मागे उभे असताना बसायचे, तशीच मी उकिडवी बसले, आणि मागे न बघता, मोठ्याने, मराठीत विचारलं, "हे कोण हो?"